सात नंबरचं पान

मुलुंड,
६ ऑक्टोबर १९८५

आत्या,

इथूनच तुझ्या पाया पडते. पत्राला उशीर झाला म्हणून रागावली असशील, पण आज ते राहू दे आणि आधी माझ्या एका प्रश्नाचं उत्तर दे. आपल्या घराण्यात कुणाला कातडीचा मोठा आजार होता का? हे मी आईला विचारलं तर ती उठून मोरीत भांडी घासायला बसली. बाबांना विचारायचा धीर होत नाही. जुनं माहीत असलेली तूच एक उरलीस.

झालं असं. बाबांच्या मानेला श्रावणापासून खाज होती. संपानंतर गिरणीचं दार उघडलंच नाही, तेव्हापासून ते आग्रा रोडवरच्या एका कारखान्याच्या आवारात माळीकाम करतात हे तुला ठाऊक आहे. उन्हातलं काम, घामोळं असेल म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही. मग पापण्या सुजल्या. मग मान, कान, कोपराच्या आतली बाजू काळी पडली. कातडी जाड होऊन तिला भेगा गेल्या. काल सकाळी ते दाराशी बसून दाढी करत होते. मी मागून गेले, आरशात त्यांचा चेहरा पाहिला आणि माझ्या हातातला कप खाली पडला. घरात, त्यांच्या जागेवर बसलेले म्हणून ओळखले. रस्त्यात कुठे दिसले असते तर मी शेजारून निघून गेले असते.

कारखान्याच्या मुकादमाने त्यांना नळावर पाणी प्यायला मनाई केलीय. "महारोग दिसतो, लवू. घरी बस," असं सगळ्यांसमोर म्हणाला. बाबांनी ते घरी येऊन हसत हसत सांगितलं. आई हसली नाही.

माझं एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष आहे. प्रबंधाचा विषय ऐकून चाळीतल्या बायका हसतात, कारण विषय आहे तण. रुळांच्या कडेची, कारखान्यांमागची, पाइपलाइनलगतची परदेशातून आलेली झुडपं आणि गवतं शोधायची, ओळखायची, दाबून वाळवायची आणि कागदावर चिकटवायची. घाणेरी, रानमोडी, ओसाडी, बेशरम, गाजर गवत. सगळी बाहेरून आली आणि इथल्या झाडांना हुसकून बसली. रविवारी मी फिरते तेव्हा पिशवी बाबांच्या खांद्यावर असते. आता त्यांनाही सगळी ओळखू येतात. गाजर गवत तर ते रस्त्याच्या पलीकडून दाखवतात. गाजरासारखं कातरलेलं पान, खोडावर उभ्या रेघा, शेंड्याला साबुदाण्याएवढी पांढरी फुलं. वाळवायला खोलीत जागा नव्हती, तर त्यांनीच युक्ती काढली. वर्तमानपत्रांत घातलेली झाडं आम्ही त्यांच्या गादीखाली ठेवतो. "माझ्या वजनाने इस्त्री होतील," म्हणतात. खरंच छान सपाट होतात.

उत्तर लगेच पाठव.

तुझी
अनू


वरचीवाडी, ता. कणकवली,
१५ ऑक्टोबर १९८५

अनू, बाय माझी,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देते. आपल्या घरात तसं कुणाला काही नव्हतं. आजोबा हिवतापाने गेले, आजी म्हातारपणाने. आणखी कुणाबद्दल कुणी काही सांगितलं तर कानांवर घेऊ नको.

लवू लहानपणापासून नाजूक कातडीचा. काजूचा चीक लागला की आठ आठ दिवस तोंड सुजायचं. माझ्या मते त्याने गिरणी मनाला लावून घेतलीय. एवढा माग चालवणारा साचेवाला माणूस, त्याच्या हातात खुरपं आलं. ते दुःख कुठून तरी बाहेर पडणारच. त्याला चांगल्या डॉक्टरकडे ने. त्या मुकादमाचं तोंड काही आपल्याला शिवता येणार नाही.

एक मात्र माझं ऐका, आणि हे तुझ्या आईला, प्रेमालाही वाचून दाखव. त्याचं ताट वेगळं करू नका. काही झालं तरी करू नका. ताट वेगळं झालं की माणूस घरात राहत नाही.

तुझी
रत्नूआत्या


मुलुंड,
४ नोव्हेंबर १९८५

आत्या,

बाबा घर सोडून गेले. आज सहावा दिवस.

तुझं पत्र आलं त्याच्या आधीच आईने त्यांचं ताट वेगळं केलं होतं. ताट, तांब्या, टॉवेल, सगळं एका फळीवर. मला कळलंच नव्हतं. मी सकाळी कॉलेजला जाते, संध्याकाळी उशिरा येते. तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं तेव्हा तिने पदर तोंडाला लावला आणि फळीकडे बोट केलं. ती म्हणाली, "तुझं लग्न व्हायचंय गं. लोक खिडकीतून बघतात." आपल्या आईला ओळखतो असं आपल्याला वाटत असतं.

मी ते ताट उचलून परत आमच्या ताटांत ठेवलं. बाबा हे बघत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी आई फॉल-बिडिंगच्या साड्या द्यायला गेली तेवढ्यात ते निघून गेले. माझ्या वहीत चिठ्ठी ठेवली. जशीच्या तशी लिहिते:

"अनू, मी जातो. शोधू नका. मला काय झालंय ते मला माहीत आहे. मी ते आधी एकदा पाहिलंय. तुझे कागद माझ्या अंगाखालून काढून माळ्यावर ठेवलेत. त्यांना माझं काही लागलं असेल. दोन दिवस उन्हात घाल, मगच हात लाव. परीक्षा चांगली दे."

आत्या, त्यांनी ते आधी कुणाचं पाहिलंय? तू तर लिहिलंस की कुणालाच नव्हतं.

कागद मी उन्हात घातले. त्यांनी सांगितलंय म्हणून घातले. बाबा तुझ्याकडे आलेत का? आले असतील तर तार कर.

अनू


वरचीवाडी,
१४ नोव्हेंबर १९८५

अनू,

लवू इकडे आलेला नाही. आला तर कळवीन. जिवाला घोर लावून घेऊ नको. मोठा माणूस आहे, डोकं शांत झालं की परत येईल. पोलिसांत जाऊ नका, उगाच गाजावाजा होतो.

चिठ्ठीतल्या त्या वाक्याचा अर्थ काढत बसू नको. माणूस घाबरला की काहीही लिहितो.

प्रेमाला मी दोष देत नाही. तिला सांग, मी तिच्यावर रागावलेली नाही.

इकडे भातं कापून झाली. फराळाचं केलं नाही, एकटीसाठी काय करायचं. तो मानेला जे मलम लावत होता त्याचं नाव आठवत असेल तर कळव.

आत्या


मुलुंड,
२ डिसेंबर १९८५

आत्या,

जो तुझ्याकडे आलेलाच नाही, त्याच्या मलमाचं नाव तुला कशाला हवंय?

हे वाक्य मी पत्र आलं त्याच दिवशी लिहिणार होते. मग वाटलं, आधी आपण आपलं शोधावं, मग आत्याला विचारावं. गिरणीतल्या कुणीतरी आईला सांगितलं की बाबा एका आश्रमाच्या फाटकाशी दिसले होते. कुष्ठरोग्यांचा आश्रम आहे, ठाण्याच्या पुढे. मी गेले. तिथे मागावर सतरंज्या विणतात. एक गृहस्थ जवळ आले, हाताची बोटं अर्धीच उरलेली. भाऊ म्हणतात त्यांना. ते बाबांच्याच गिरणीत होते, वीस वर्षांपूर्वी. मला पाहून म्हणाले, "तू लवूची. नाक तेच."

बाबा खरंच तिथे गेले होते. तिथल्या डॉक्टरांनी सगळ्या डागांवर टाचणी टोचून पाहिली. सगळीकडे दुखलं, म्हणजे डाग कुठेच बधिर नव्हता. नसा दाबून पाहिल्या. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला हा रोग नाही. दुसरं काही आहे. घरी जा आणि मोठ्या रुग्णालयात दाखवा." बाबांना पटलं नाही. ते भाऊंना म्हणाले, "आमच्याकडे पण आधी नाय म्हणाले होते, मग झालाच." तीन दिवस ते फाटकाबाहेरच्या बाकावर बसून होते, आत घ्या म्हणून. मग एके सकाळी दिसले नाहीत.

मी तिथून कशी घरी आले मला आठवत नाही. रोग नाही असं सांगितल्यावर माणूस बाकावर बसून मला आत घ्या म्हणतो, हे माझ्या डोक्यातून जात नाही. आत्या, "आमच्याकडे" म्हणजे कुणाकडे? आता खरं लिही. तू मला पाटीवर अक्षर गिरवायला शिकवलंस. तुझं खोटं मला तुझ्याच अक्षरात वाचायला लावू नको.

मलमाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

अनू


वरचीवाडी,
११ डिसेंबर १९८५

अनू,

तुझा बाप माझ्याकडे आहे. ९ नोव्हेंबरला आला. मी तुझ्याशी खोटं बोलले. त्याने मला देवाची शपथ घातली होती, पण शपथेच्या मागे लपायचं माझं वय राहिलं नाही. शपथ आज मी मोडली.

आला तेव्हा अंगणाच्या बाहेरच उभा राहिला. "ताये, लांब रव. माका महारोग झालो. मी मांगरात रवतंय, घरात येवचंय नाय," म्हणाला. मांगर म्हणजे आपल्या बागेतली ती खोपी, जिथे नारळ आणि पेंढा ठेवतो. मी ते ऐकलं आणि तिथेच पायरीवर बसले. कारण त्या मांगरात आधी एक माणूस राहून गेलाय.

माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ, बाळाकाका. मी बारा वर्षांची, लवू आठ वर्षांचा. काकाच्या अंगावर चट्टे उठले. आधी वैद्य म्हणाला, काही नाही. मग बोटं वाकडी झाली. त्याचं ताट वेगळं केलं, मग त्याला मांगरात ठेवला. गावात सांगितलं की तो काशीला गेला. चार वर्षं तो घरापासून शंभर पावलांवर होता आणि काशीला होता. त्याची पेज रोज लवू न्यायचा. दगडावर ठेवायची आणि मागे यायचं, असं माझ्या वडिलांनी सांगितलेलं. एक दिवस पेज तशीच राहिली. लवूनेच आत जाऊन पाहिलं. हे आम्ही दोघांनी कधी कुणापाशी काढलं नाही. एकमेकांपाशीसुद्धा नाही.

तू विचारलंस तेव्हा मी "नव्हतं" लिहिलं. तुझ्या लग्नाचाच विचार माझ्याही डोक्यात होता. मग प्रेमाला मी कोणत्या तोंडाने बोलू?

आता ऐक, हे मात्र मला कळत नाही. इथे आल्यावर लवूची सूज आठ दिवसांत उतरली. तीन आठवड्यांत कातडी मऊ पडली. आज पाहशील तर मान थोडी काळपट आहे, एवढंच. मी काही लावलं नाही, खोबरेल सोडून. गावात म्हणतात देवाने ऐकलं. लवूलाही तसंच वाटतं. काल तो आपणहून घरात येऊन जेवला, माझ्या पंगतीला. मी तोंड वळवून रडून घेतलं.

संक्रांतीच्या आधी त्याला एस.टी.त बसवते. तेव्हा त्याला काही विचारू नका.

आत्या


मुलुंड,
२४ जानेवारी १९८६

आत्या,

हे पत्र मी तीन वेळा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

बाबा आले तेव्हा चाळीतली माणसं बघायला जमली. चेहरा स्वच्छ. आईने त्यांचं ताट तिच्या ताटाला चिकटवून मांडलं. जेवल्यावर ते म्हणाले, "तुझे कागद खयं आसत? आण, ठेव गादीखाली. आता माझ्यापासून काही भ्या नाय." मी आनंदाने माळ्यावरून गठ्ठा उतरवला. सबंध गठ्ठा, आत्या. मी माझ्या हाताने पसरला.

पाचव्या दिवशी पापण्या मिटल्या. सुजून डोळेच उघडेनात. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले आणि म्हणाले, "माका परत ने ताईकडे. मांगरात." आई आणि मी त्यांना धरून मोठ्या सरकारी रुग्णालयात नेलं, कातडीच्या विभागात. तिथे एक डॉक्टर बाई होत्या. त्यांनी विचारलं, "काम काय करता?" बाबा म्हणाले, "माळी होतो." "घरात आणखी कोण?" "मुलगी आहे. तण शोधते." सांगताना एवढ्या सुजेतही त्यांच्या आवाजात कौतुक होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "कुठलं तण?"

मी नावं सांगितली. त्यांनी मला सांगितलं, ह्यांच्या हाताखालून जाणारं प्रत्येक झाड घेऊन ये, एकेक पान, नंबर घालून. मी बारा पानं नेली, माझ्या वहीतल्या क्रमाने. प्रत्येक पान वेगळ्या कागदात, वर नंबर. मला ते करताना बरं वाटत होतं, माझ्या विषयाचा बाबांना उपयोग होतोय म्हणून. डॉक्टरांनी बाबांच्या पाठीवर निळ्या शाईने चौकोन आखले आणि पानं चुरून पट्टीखाली चिकटवली. दोन दिवस आंघोळ नाही.

दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या. मी मागेच उभी होते. अकरा चौकोनांत काही नाही. सातव्यात लालभडक कातडी आणि पाण्याने भरलेले फोड.

"सात काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

वही माझ्या हातात होती. उघडायची गरज नव्हती. "गाजर गवत," मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, असे रुग्ण त्या दर महिन्याला बघतात. माळी, शेतमजूर, रुळांवर काम करणारे. ह्या झाडाचा बारीक कण उडून अंगावर बसला तरी पुरतो. एकदा अंगाने त्याचा राग धरला की तो जात नाही. "वाळलेलंसुद्धा तेवढंच वाईट. पूड हवेतून लागते. घरात तर नाही ना?"

बाबाच म्हणाले, "घरात नाही हो. फक्त गादीखाली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

आत्या, साठ झाडं होती त्यांच्या अंगाखाली. त्यांतली वीसेक गाजर गवताची, कारण ते सगळीकडे मिळतं. मी त्यांना ते लांबून ओळखायला शिकवलं, पान कसं, खोड कसं, फुलाची पाच टोकं कशी. ते काय करतं तेवढं लक्षात ठेवलं नाही. ते कातडीला बाधतं हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं आहे. ती ओळ मी वाचलेली आहे. तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारलेली आहे, माझीच. आणि रोज रात्रभर त्यांचा चेहरा त्याच्यावर होता. त्यांना वाटलं, आपला रोग पोरीच्या कागदांना लागेल.

निघताना डॉक्टर म्हणाल्या, "आणि महारोग असता तरी गोळ्या आहेत. बरा होतो. घर सोडायचं कारण तेव्हाही नव्हतं." बाबा दारात थांबले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "म्हणजे तुझे नंबर बरोबर होते ना? अभ्यासात चूक नाय ना झाली?"

मला ह्याचं उत्तर कसं द्यायचं ते सांग.

अनू


वरचीवाडी,
१ फेब्रुवारी १९८६

अनू,

उत्तर द्यायचं नसतं. तो तुला दोषापासून वाचवत होता, तू वाचून घे.

तुझं पत्र पोस्टमनसमोरच फोडलं. त्याला वाटलं घरात कुणी गेलं, इतकी मी पांढरी पडले. गवत. एक गवत, आणि आम्ही त्याला पुन्हा त्या मांगरात घालायला निघालो होतो. सगळे ते देवाने केलं म्हणत होते. इथे ते गवत नाही, एवढंच झालं होतं.

डॉक्टरांचं ते शेवटचं वाक्य मला खाली बसू देत नाही. बाळाकाका शेवटची दोन वर्षं मांगरात होता तेव्हा गोळ्या निघाल्या होत्या. काल तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन मी विचारलं. तिथल्या म्हाताऱ्या कंपाउंडरने सालं मोजून सांगितलं. आम्ही कधी विचारलंच नाही, कारण तो काशीला गेलेला होता. आज सकाळी मी गावातल्या बायकांना बोलावून हे सांगितलं. खरं नाव घेऊन सांगितलं. दोघी उठून गेल्या. बाकीच्या बसल्या.

आता काम. ते कागद घराबाहेर गेले का? पुस्तकातली ओळ राहू दे, मला हो की नाही एवढं कळव. त्या कारखान्यात लवूच्या बरोबर आणखी कोण खुरपत होतं?

आत्या


मुलुंड,
२ मार्च १९८६

आत्या,

कागद गेले. वीसांतले दोन नमुने काचेच्या बंद पेटीत कॉलेजात आहेत, बाकीचे खड्डा करून पुरले. गादी टाकून दिली. खोली आईने तीनदा धुतली. तरी डॉक्टर म्हणतात इथे बाबांना बरं राहता येणार नाही. चाळीमागच्या मोकळ्या जागेत, रुळांशी, गटाराच्या काठाला, सगळीकडे तेच आहे. वारा आला की पुन्हा सुरू. ते तुझ्याकडेच राहतील असं ठरलं. आईसुद्धा जातेय. "मी एकदा त्यांचं ताट वेगळं केलं, आता नाही," एवढंच म्हणाली. परीक्षेपर्यंत मी शेजारी प्रधानांकडे जेवेन.

तू विचारलंस ना, बरोबर कोण होतं. मला तो प्रश्न आधी पडायला हवा होता. मी कारखान्यात गेले. मुकादमाला डॉक्टरांचा कागद दाखवला. त्याने तो वाचला, घडी करून परत दिला आणि म्हणाला, "गवताने कुणी आजारी पडतं काय? काम नको असतं लोकांना." मी फाटकाबाहेर थांबले. जेवणाच्या सुट्टीत बायका बाहेर आल्या. चारजणी खुरपायच्या, तिघीच होत्या. चौथी द्रौपदी, जालन्याकडची, दिवाळीपासून कामावर नाही.

तिचं घर टेकडीच्या उतारावर आहे. ती दाराबाहेर पोत्यावर बसली होती. हात मनगटापर्यंत काळे, भेगाळलेले. कोपऱ्यात तिचा वेगळा पेला. बाबांचीच फळी पुन्हा पाहते आहे असं वाटलं. मी तिला सगळं सांगितलं, चित्र काढून दाखवलं. ती म्हणाली, "हे तर आम्ही पेंढी बांधून डोक्यावरून न्यायचो." मग तिने नवऱ्याला, कुंडलिकला, बाहेर बोलावलं आणि मला परत पहिल्यापासून सांगायला लावलं. सगळं ऐकून झाल्यावर तिने त्याच्याकडे न बघता मला विचारलं, "म्हणजे मी पिंपाला हात लावला तर चालेल?"

मी चालेल म्हटलं. कुंडलिक आत गेला. मला वाटलं चिडला. तो पिंपातून तांब्या बुडवून आला आणि तिच्या हातात दिला. ती पाणी प्यायली नाही. तांब्या धरून नुसती बसून राहिली.

सोमवारी मी तिला त्याच डॉक्टरांकडे नेलं. आता दर शनिवारी त्या तिघीही माझ्याकडे येतात, आणि रुळांवर काम करणारा अंबादास म्हणून एकजण. मी त्यांना कोवळं गाजर गवत ओळखायला शिकवते. ते जमिनीला चिकटून गोल पसरतं तेव्हाच, फूल यायच्या आत, हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधून उपटायचं. एकदा फुललं की शिवायचं नाही. प्रबंधात ह्याला जागा नाही असं सर म्हणाले. मी एक प्रकरण वाढवलंय. बघू.

अनू


वरचीवाडी,
३ ऑगस्ट १९८६

चि. अनू,

तू पास झालीस आणि कॉलेजात लागलीस हे ताईने पत्र वाचून सांगितलं. मी पत्र लिहायचा माणूस नाही हे तुला माहीत आहे, पण आजचं मलाच लिहायला हवं. ताई म्हणते तूच लिही, तूच पाहिलंस.

माझी तब्येत चांगली. मान पूर्ण बरी झाली. तुझी आई इथे रुळली, ताईशी दिवसातून एकदा भांडते. मांगर आम्ही दोघांनी पाडला. तिथे आता सुरण लावलाय.

काल शाळेत गेलो होतो. ताई शिकवायची त्या जागी आलेल्या माणिकबाईंनी मुलांकडून बाग करून घेतली आहे. मला म्हणाल्या, "लवूकाका, शेवंती बघा किती जोरात आलीय. घाटावरून रस्त्याचा मुरूम आला ना, त्याच्या ढिगाशी उगवली होती, तिथून आणून लावली." मी कुंपणाशी गेलो. पाहिलं आणि माझे पाय तिथेच थांबले. जमिनीला चिकटून गोल पसरलेली रोपं. गाजरासारखं कातरलेलं पान. पानावर बारीक लव.

अनू, पहिल्यांदा मनात आलं ते पळायचं. पिशवी भरून कुठेतरी निघून जायचं, आणखी लांब. पण लांब म्हणजे खयं? मी मागे सरलो, दहा हात, आणि तिथून बाईंना म्हटलं, ही शेवंती नव्हे. त्या हसल्या. म्हटलं, हसा, पण मुलांना आधी बाहेर काढा. मग तुझ्या आईला आणि ताईला बोलावून घेतलं. दोघींच्या हातांना पिशव्या बांधल्या. मी कुंपणाच्या बाहेर, वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभा राहून काठीने दाखवत होतो. हे. ते नको, तो टाकळा. ते हे. दोघींनी मुळासकट उपटलं. तुझी आई एक रोप वर धरून विचारते, "हाच काय तो?" मी म्हटलं हाच. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की मला त्या गवताची दया आली.

बत्तीस रोपं निघाली. माणिकबाईंनी सगळी मुलं ओळीत बसवली आणि मला म्हणाल्या, काका, आता ह्यांना तुम्हीच सांगा. मी गिरणीतला माणूस, मला काय सांगता येणार? पण तू मला जसं सांगितलंस तसंच सांगितलं. पान, खोड, फूल. बाळाकाकाचंही सांगितलं. ते का सांगितलं माहीत नाही, पण मुलं गप्प बसून ऐकत होती.

सगळ्या रोपांना कळ्या यायच्या होत्या. एक मात्र फुललेलं निघालं, मुरमाच्या ढिगाच्या मागे. त्याचं बी पडलेलं असणार. रस्त्याचं काम घाटाच्या पायथ्यापासून इथपर्यंत आहे, सात मैल. उद्यापासून मी आणि तुझी आई रोज एकेक मैल चालणार. मी लांबून बघेन, ती उपटेल.

तू दिवाळीला येशील तेव्हा येताना चांगले जाड हातमोजे आण. तीन जोड.

तुझा
बाबा